डाव्या वळणासाठी गोल आरसा : नाशिकच्या सिग्नलवर किती कामाचा?

उजवं वळण घेताना समोरची वाहतूक आडवी येते. त्यामुळे नवखा चालकही थांबतो, मान वळवून बघतो आणि मगच गाडी घालतो. डाव्या वळणात समोरून आडवं येणारं फारसं काही नसतं, आणि तिथेच घात होतो. या वळणातला धोका मागून येतो, गाडीचं डावं दार आणि फुटपाथ यांच्यात राहिलेल्या फटीतून. सिग्नल लाल असतो तोवर टू-व्हीलर, सायकली, कधी कधी रिक्षासुद्धा त्या फटीतून पुढे सरकत राहतात. सिग्नल सुटला, तुम्ही स्टिअरिंग डावीकडे फिरवलं आणि सरळ जाणारी एखादी स्कूटर त्या वेळी तुमच्या मागच्या दाराशी असली, तर ती गाडी आणि फुटपाथच्या दगडामध्ये सापडते. गाडीला ओरखडा पडतो. स्कूटरवाल्याचा मात्र पाय जातो.

ही फट दिसावी म्हणून बाजारात एक स्वस्त वस्तू मिळते. डाव्या आरशावर चिकटवायचा छोटा, फुगीर, गोल आरसा. दुकानात ‘ब्लाइंड स्पॉट मिरर’ म्हणून मागायचा. ॲक्सेसरीजच्या दुकानात किंवा ऑनलाइन साधारण 100 ते 300 रुपयांत जोडी येते. एवढ्याशा वस्तूबद्दल इतकं सविस्तर लिहायचं कारण असं, की हा आरसा चुकीच्या कोपऱ्यात लावला तर मूळ आरशाचाही उपयोग कमी होतो, आणि बरोबर लावून चुकीच्या वेळी बघितला तर तो खोटा भरवसा देतो. शहरात लावलेले बरेच गोल आरसे पाहिले तर त्यात गाडीचं स्वतःचं दार आणि आभाळ याखेरीज काही दिसत नसणार, हे बाहेरूनच कळतं.

मत आधीच सांगून टाकायचं तर : डाव्या बाजूला जरूर लावावा, पण काचेचा, किमान 50 मिलिमीटर व्यासाचा आणि फिरवता येणारा. उजव्या बाजूला लावला नाही तरी चालेल. आणि तो कसा लावायचा, कधी बघायचा हे समजून घेणार नसाल तर घेऊ नका.

मूळ आरशात काय सुटतं

डावा आरसा नीट लावलेला असेल तर त्यात मागची लेन, मागच्या गाड्या आणि फुटपाथची कड दिसते. मागून येणारी टू-व्हीलर त्यात दिसते, मोठी होत जाते आणि तुमच्या मागच्या बंपरच्या रेषेत आली की आरशाच्या बाहेरच्या कडेने निसटते. पुढे ती थेट डोळ्यांना दिसते ती पुढच्या डाव्या खिडकीशी आल्यावर. मधला पट्टा, म्हणजे मागच्या बंपरपासून मागच्या दाराच्या मध्यापर्यंतचा, ना आरशात ना खिडकीत. मागच्या सीटवर माणसं बसली असतील, खिडकीला पडदे असतील, तर हा पट्टा आणखी लांबतो. डाव्या वळणात गाडी जिथे आत दाबते ती जागा नेमकी हीच.

आत का दाबते? वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, ती आतल्या बाजूने जातात. गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, 2.4 मीटर असेल आणि पुढचं चाक 6 मीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरत असेल, तर मागचं चाक त्याच्यापेक्षा साधारण अर्धा मीटर आतून जातं. साध्या हॅचबॅकचा हा हिशोब. म्हणजे वळायला लागताना दार आणि फुटपाथ यात पाऊण मीटर जागा असली, तर वळणाच्या मध्यावर मागच्या दाराशी ती जेमतेम वीतभर उरते. स्कूटरचं हँडल पाऊण मीटरच्या आसपास रुंद असतं. ती मागून बिनधास्त आत शिरते आणि मागच्या दाराशी अडकते.

गोल आरसा हा पट्टा दाखवतो. पृष्ठभाग जास्त फुगीर असल्यामुळे तो खूप रुंद दृश्य छोट्या जागेत बसवतो : मागचं दार, मागचं चाक, फुटपाथची कड आणि त्यांच्यामधली पूर्ण फट. काम एवढंच, पण या वळणात तेच लागतं.

कुठला घ्यावा

बाजारात साधारण तीन प्रकार दिसतात. पहिला, प्लॅस्टिकच्या जाड चौकटीतला पक्का चिकटणारा गोल आरसा, सगळ्यांत स्वस्त. दुसरा, चौकट नसलेला काचेचा, खाली गोटीच्या सांध्यावर फिरणारा. तिसरा, पंख्याच्या किंवा लांबट चौकोनी आकाराचा.

डाव्या बाजूसाठी दुसरा घ्यावा, आणि त्याला कारण आहे. चालकाच्या डोळ्यापासून उजवा आरसा पाऊण मीटरवर असतो, डावा सव्वा ते दीड मीटरवर. तोच गोल आरसा डावीकडे लावला की डोळ्याला जवळपास निम्मा दिसतो. म्हणून 35-40 मिलिमीटरचे जे छोटे आरसे मिळतात, ते उजवीकडे कसेबसे चालतात, डावीकडे त्यांत काहीच कळत नाही. चौकट जाड असेल तर तीही 3-4 मिलिमीटर चहूबाजूंनी खाते. आणि जागा इतकी कमी असताना त्यातली निम्मी स्वतःच्या गाडीचं दार दाखवण्यात घालवायची नसेल, तर आरसा बाहेरच्या बाजूला थोडा कलता करता आला पाहिजे. पक्का चिकटणारा आरसा मूळ काच जिकडे बघते तिकडेच बघतो.

काच की प्लॅस्टिक हे दुकानातच तपासा. नखाने हलकेच टिचकी मारली की काचेचा आवाज वेगळा येतो. दुसरी खूण, आरशात दुकानातल्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघत आरसा हळूहळू फिरवा. ट्यूबलाइटची रेघ सलग वाकली पाहिजे. मध्येच लचकली, लाटेसारखी हलली, तर तो पत्रा किंवा प्लॅस्टिक आहे. एप्रिल-मेमध्ये गाडी दिवसभर उन्हात राहिली की प्लॅस्टिकच्या आरशाचा पृष्ठभाग आणखी बिघडतो आणि वर्षभरात कडेने चंदेरी थर सुटायला लागतो.

पंख्याच्या आकाराचे आरसे दिसायला छान असतात, पण ते मूळ आरशाचा बाहेरचा पूर्ण कोपरा व्यापतात. मोठ्या एसयूव्हीच्या उंच आरशावर ठीक, छोट्या गाडीवर नको.

फिरणाऱ्या आरशाचा एक दोष मात्र खराच आहे. सांधा ढिला असेल तर खड्ड्यांमुळे तो कलंडतो. दुकानात दोन बोटांनी फिरवून बघा. सहज, लोण्यासारखा फिरत असेल तर ठेवून द्या. थोडा जोर लावावा लागला पाहिजे आणि सोडल्यावर जागच्या जागी राहिला पाहिजे.

लावायची जागा आणि रीत

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात. आरसा मूळ काचेच्या बाहेरच्या वरच्या कोपऱ्यात लावायचा. मूळ आरशाच्या वरच्या भागात आभाळ आणि इमारतींचे गच्चीकडचे भाग दिसतात, ते झाकले गेले तरी काही बिघडत नाही. खालच्या भागात रस्ता, मागचं चाक आणि फुटपाथची कड दिसते. अनेक जण गोल आरसा खालच्या कोपऱ्यात चिकटवतात आणि पार्किंगला लागणारं तेच दृश्य गमावतात. आतल्या कडेला, म्हणजे गाडीच्या दाराच्या बाजूला तर अजिबात नको. तिथे मागच्या सरळ लेनमधली गाडी दिसते. काही गाड्यांच्या आरशाचा वरचा कोपरा निमुळता असतो आणि गोल आरसा कडेबाहेर येतो. तिथे नाइलाजाने बाहेरचा खालचा कोपरा घ्यावा, पण मग आरसा 50 मिलिमीटरपेक्षा मोठा घेऊ नये.

चिकटवण्याआधी आरसा बंद करून बघा. बटणाने दुमडणारे आरसे असतील तर गोल आरशाचा उंचवटा खिडकीच्या काचेला लागत नाही ना, हे आधी कागदाची गुंडाळी ठेवून तपासलेलं बरं. फिरणारा आरसा साधारण सेंटिमीटरभर पुढे येतो.

मागची दुहेरी टेप ही या वस्तूचा जीव आहे. डब्यातली टेप हलकी, फोमसारखी भुसभुशीत वाटली तर ती काढून टाकून चांगली ॲक्रिलिक फोमची टेप वेगळी आणून लावा. थ्रीएम कंपनीची व्हीएचबी नावाची टेप मिळते, तशा इतरही आहेत. तिचे नियम पाळले तर पावसाळे निघतात. आधी आरशाची काच साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण कोरडी करा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं निम्मं घेऊन पुसा. मेडिकलमध्ये मिळणारा स्पिरिटचा पुसकाही चालतो. गाडीला पॉलिश किंवा वॅक्स केलं असेल तर तो थर काचेवरही आलेला असतो, त्यावर टेप धरत नाही.

तापमान बघा. ही टेप 21 ते 38 अंश सेल्सिअसमध्ये चांगली धरते. नाशिकच्या थंडीत सकाळी पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा लावलेला आरसा आठवड्यात हातात येतो. डिसेंबर-जानेवारीत दुपारी, गाडी तासभर उन्हात ठेवून मगच लावा. मे महिन्याच्या भर दुपारी काच हात लावता येणार नाही इतकी तापली असेल तेव्हाही नको. लावल्यावर अर्धा मिनिट अंगठ्याने घट्ट दाबा. वीस मिनिटांत पकड निम्मी येते, 24 तासांत नव्वद टक्के आणि पूर्ण यायला 72 तास लागतात. तीन दिवस गाडी धुवायला देऊ नका आणि आरशाला हात लावून कोन बदलत बसू नका. म्हणून कोन आधी ठरवायचा, पेन्सिलीने खूण करायची आणि मग चिकटवायचं.

कोन ठरवताना आधी मूळ आरसा. रोज जसे बसता तशीच सीट, तसंच टेकून बसा. मूळ आरशात स्वतःची गाडी आतल्या कडेला फक्त एक दशांश रुंदीत दिसावी आणि क्षितिजाची रेषा मध्यावर यावी. मग गोल आरसा तात्पुरता चिकटपट्टीने लावून कलता करा. त्यात आतल्या कडेला मागच्या दाराची बारीक पट्टी, खाली मागच्या चाकाचा वरचा भाग आणि बाहेरच्या कडेला फुटपाथ दिसला की झालं.

आता खरी परीक्षा. कोणाला तरी गाडीच्या मागे 10 मीटरवर उभं करा आणि डाव्या बाजूने, दारापासून मीटरभर अंतर ठेवून पुढे चालत यायला सांगा. तुम्ही डोकं न हलवता बघत राहा. तो माणूस मूळ आरशात दिसेल, त्यातून निसटायच्या आधी गोल आरशात आलेला असला पाहिजे, आणि गोल आरशातून निसटायच्या आधी खिडकीतून थेट दिसला पाहिजे. मध्ये एक पाऊलही तो गायब झाला, तर कोन चुकला आहे. मूळ आरसा आणि गोल आरसा यांच्यात गायब झाला तर गोल आरसा आत वळवा. गोल आरसा आणि खिडकी यांच्यात झाला तर बाहेर. ही परीक्षा पाच मिनिटांची आहे आणि ती न करता आरसा लावणं म्हणजे पैसे वाया.

सिग्नलवर तो कधी बघायचा

आरसा फट दाखवतो, फट बंद करत नाही. डाव्या वळणाची तयारी सिग्नलच्या शंभर मीटर आधी सुरू होते. डावी लेन तिथेच धरायची. ‘वळताना डाव्या कडेला जितकं शक्य तितकं जवळ राहा’ ही नियमाची भाषा जुनीच आहे, 1989 च्या रस्ता नियमांतही ती होती, आणि तिच्यामागचा हेतू याच फटीशी जोडलेला आहे. फुटपाथपासून अर्धा मीटर अंतर ठेवून गाडी उभी केली तर स्कूटरचं हँडल आत मावत नाही. दीड मीटर सोडलं तर तुम्ही स्वतःच्या हाताने एक लेन तयार करून दिली.

पण जागा दाबायच्या आधी मूळ आरसा बघायचा. फटीत कोणी आधीच आलं असेल तर दाबायचं नाही. त्याला पुढे जाऊ द्यायचं, मग कड धरायची. इंडिकेटर किमान 30 मीटर आधी. ताशी 30 किलोमीटर वेगात 30 मीटर साडेतीन सेकंदांत संपतात, म्हणजे मागच्याला विचार करायला मिळणारा वेळ तेवढाच. सिग्नलला उभं राहिल्यावर इंडिकेटर बंद करायचा नाही. लाल दिव्यात मागून नवीन आलेल्या स्कूटरवाल्याला तुम्ही सरळ जाणार की वळणार हे त्याच दिव्यावरून कळतं.

गोल आरशाकडे बघायच्या वेळा दोनच. एक, सिग्नल सुटला आणि क्लच सोडायच्या आधी. दोन, स्टिअरिंग फिरवायच्या ऐन आधी. प्रत्येक वेळी अर्धा सेकंद पुरतो, कारण प्रश्न एकच असतो : फट रिकामी आहे की नाही. टू-व्हीलर ताशी 20 किलोमीटरने आली तरी सेकंदाला साडेपाच मीटर कापते. दोन सेकंदांपूर्वी बघितलेलं दृश्य शिळं झालेलं असतं. म्हणून एकदाच बघून पुढे तीन सेकंद वळत राहणं उपयोगाचं नाही. दुसरी नजर टाकल्यावर डाव्या खांद्यावरून खिडकीतून एक झटपट मान वळवणं हवंच. आरसा लावला म्हणून मान वळवायचं बंद करणारे चालक आरसा नसलेल्यांपेक्षा जास्त धोकादायक असतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिल्या गिअरमध्ये, वेग 10-15 च्या आत, आणि वळल्यावर ज्या रस्त्यात शिरायचं त्याच्याही डाव्या लेनमध्येच. पुढचा झेब्रा विसरू नका. तुमचा सिग्नल हिरवा असतो तेव्हा शेजारच्या रस्त्यावरून पायी जाणारी माणसंही निघालेली असतात. ती कुठल्याच आरशात दिसत नाहीत, ती समोरच्या काचेच्या कडेच्या खांबामागे दडतात. मान पुढे-मागे करून खांबाच्या दोन्ही बाजूंनी बघा.

नाशिकच्या चौकाचौकात फटीचं रूप वेगळं आहे. कॉलेज रोड आणि कॅनडा कॉर्नरला कॉलेजं आणि क्लास सुटायच्या वेळी मोपेडची रांग डावीकडून वाहत असते, एक गेली की मागे दुसरी. तिथे फट रिकामी होण्याची वाट बघण्यापेक्षा लवकर कड धरणं हाच उपाय. द्वारकेला नाशिकरोडकडून येऊन मुंबई नाक्याकडे डावीकडे वळताना अडचण उलटी : शेजारी उजव्या बाजूला ट्रक किंवा बस असते आणि तीही डावीकडेच वळणार असते. गोल आरसा डावी बाजू स्वच्छ दाखवतो आणि उजवीकडून मागची चाकं तुमच्यावर येत असतात. तिथे अवजड वाहनाच्या बरोबरीने वळूच नका, त्याला पुढे जाऊ द्या. सातपूरच्या बाजूला, एबीबी सर्कल आणि पपया नर्सरीला, कंपन्यांची शिफ्ट सुटते तेव्हा मोटारसायकली वेगात येतात. साडेपाच मीटरचा हिशोब तिथे दहापर्यंत जातो. दिंडोरी नाका, पेठ नाका, निमाणी या पट्ट्यात भाजीपाल्याच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या. ट्रॉली ट्रॅक्टरपेक्षाही आत कापते, तिच्या डावीकडे टू-व्हीलर घालणं म्हणजे जिवाशी खेळ.

अशोकस्तंभ ते त्र्यंबक नाका या स्मार्ट रोडवर फुटपाथची कड उंच आणि सरळ आहे. ती गोल आरशात ठळक रेघेसारखी दिसते, त्यामुळे कोन बरोबर आहे का हे तपासायला हा रस्ता उत्तम. कड गोल आरशाच्या बाहेरच्या पाव भागात यावी. जिथे फुटपाथच नाही, कडेला माती, खडी आणि उभ्या हातगाड्या आहेत, तिथे अर्धा मीटरचं मोजमाप धरता येत नाही. तिथे वेग आणखी कमी, एवढंच.

‘फ्री लेफ्ट’ हे वेगळं प्रकरण आहे. आपल्याकडे लाल दिव्याला डावीकडे वळायला मोकळीक असतेच असा समज पक्का आहे. तसं नाही. पाटी किंवा डावीकडचा हिरवा बाण असेल तिथेच. बाकी ठिकाणी लाल म्हणजे पांढऱ्या पट्टीच्या मागे थांबणं, मागचा कितीही हॉर्न वाजवो. आणि जिथे मोकळीक आहे तिथे हा आरसा सगळ्यांत जास्त कामाला येतो. कारण फ्री लेफ्ट घेताना चालकाचे डोळे उजवीकडे असतात, येणाऱ्या वाहतुकीत फट शोधत. गाडी मात्र डावीकडे सरकत असते. पुढे उभ्या रिक्षा, बसथांब्याकडे धावणारी माणसं, डावीकडून शिरलेली सायकल, काहीच दिसलेलं नसतं. उजवीकडे जागा दिसली की लगेच क्लच सोडू नका. आधी नजर डावीकडे, गोल आरसा, समोर, मग चाक हलवा.

कुठे कमी पडतो

अंतर. फुगीर आरशात वस्तू लहान दिसते, म्हणून दूर वाटते. मागे 15 मीटरवर असलेली मोटारसायकल यात नखाएवढी दिसते. ती किती लांब आहे, किती वेगात येते, हे गोल आरशावरून ठरवायचंच नाही. ते काम मूळ आरशाचं. मूळ आरसाही बऱ्याच गाड्यांत थोडा फुगीर असतोच, म्हणून त्यावर ‘दिसतात त्यापेक्षा वस्तू जवळ आहेत’ असा इशारा इंग्रजीत छापलेला असतो. गोल आरशाला तो इशारा कितीतरी पटीने लागू आहे.

पाऊस. हा त्याचा सगळ्यांत कच्चा दुवा. जून ते सप्टेंबर, 50 मिलिमीटरच्या काचेवर दहा-बारा थेंब बसले की आरसा संपला. त्यात तुम्ही त्याच्याकडे बघता ते ओल्या, आतून वाफ धरलेल्या खिडकीतून. पाणी न धरणारी पारदर्शक फिल्म मिळते, ती लावली तर थेंब घरंगळतात, पण फुगीर पृष्ठभागावर ती सुरकुतते, म्हणून गोल आरशावर फिल्मऐवजी पाणी घालवणारा स्प्रे मारावा. डाव्या खिडकीची वाफ घालवायला एसी चालू ठेवून बाजूच्या झडपा खिडकीकडे वळवा. तेवढं करूनही जोराच्या पावसात त्याच्यावर विसंबू नका.

रात्री मागचे दिवे यात छोट्या ठिपक्यांसारखे दिसतात. डोळे दिपत नाहीत, हा फायदा. पण एक दिवा मोटारसायकलचा की एक दिवा बंद पडलेल्या टेम्पोचा, हे कळत नाही. ठिपका दिसला की फट भरलेली समजायची.

पुढचा डावा कोपरा, म्हणजे बंपरच्या शेजारी उभं असलेलं लहान मूल किंवा झेब्र्यावरचा माणूस, यात कधीच दिसत नाही.

याऐवजी काय

आतल्या आरशावर अडकवायचा लांबलचक फुगीर आरसा काही जण घेतात. मागचा रस्ता त्यात रुंद दिसतो, पण डाव्या दाराजवळची फट मागच्या खांबाआड जाते. डाव्या वळणासाठी तो नको.

कॅमेरा चांगलाच. भारतात आलेल्या पाचव्या पिढीच्या होंडा सिटीत डाव्या आरशाखाली लेनवॉच कॅमेरा आला. ह्युंदाई क्रेटा आणि किया सेल्टोसच्या वरच्या मॉडेलांत इंडिकेटर दिला की मीटरच्या पडद्यावर त्या बाजूचं चित्र येतं. गाडीत हे असेल तर गोल आरसा लावायची गरज नाही. फक्त पावसाळ्यात कॅमेऱ्याची भिंग रोज पुसा, चिखल त्यावरही उडतो. बाहेरून बसवायचे स्वस्त कॅमेरे मात्र चित्र उशिरा दाखवतात की नाही हे दुकानात हात हलवून बघूनच घ्या. हात हलल्यावर पडद्यावरचा हात मागे राहिला तर तो या कामाचा नाही.

टू-व्हीलरच्या आरशावर हा गोल आरसा लावू नये. इंजिनाच्या थरथरीत इतक्या छोट्या आरशात काही ठरत नाही, आणि टू-व्हीलरवर मान वळवणं सोपं असतं. टू-व्हीलरवाल्यांनी लक्षात ठेवायची गोष्ट वेगळी आहे. मोठ्या बसचा व्हीलबेस पावणेसहा मीटरच्या आसपास असतो. पुढचं चाक 10 मीटर त्रिज्येने वळलं तर मागचं चाक त्याच्यापेक्षा जवळपास पावणेदोन मीटर आतून येतं. म्हणजे सिटीलिंकची बस सिग्नलला डावा इंडिकेटर देऊन उभी असेल आणि तिच्या डावीकडे तुम्हाला ऐसपैस जागा दिसत असेल, तर ती जागा बसच्या मागच्या चाकांची आहे. तिथे शिरू नका, बसच्या मागे थांबा.

गुण आणि देखभाल

पाचपैकी साडेतीन. काम नेमकं करतो, किंमत नगण्य, बसवायला कोणाकडे जावं लागत नाही. दीड गुण कापला तो पावसातला निकामीपणा, बहुतेक डब्यांतली कच्ची टेप आणि अंतराचा फसवा अंदाज यासाठी. हॅचबॅक आणि छोट्या सेदानसाठी जास्त उपयोगी, टॅक्सी आणि पिकअपवाल्यांसाठी तर आवश्यकच, कारण त्यांच्या मागच्या डाव्या बाजूला सामान किंवा प्रवासी यांच्यामुळे खिडकीतून काही दिसत नाही. कार्गोची बंद बॉडी असलेल्या गाडीला 50 ऐवजी 75 मिलिमीटरचा घ्या.

दर आठवड्याला ओल्या मायक्रोफायबरने पुसा. वर्तमानपत्राच्या कागदाने घासलं की धुळीचे ओरखडे पडतात आणि उन्हात ते चमकतात. सर्व्हिस सेंटरमधून किंवा धुऊन गाडी आली की कोन तपासा, ब्रशच्या धक्क्याने आरसा हमखास फिरलेला असतो. काढायचा झाला तर पान्याने उचकटू नका, मूळ काच तडकते. हेअर ड्रायरने दोन मिनिटं कोमट करा, मासे पकडायची नायलॉनची दोरी किंवा दात साफ करायचा धागा मागे घालून करवतीसारखा ओढा. उरलेला गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघतो. नेलपॉलिश रिमूव्हर वापरला तर आरशाभोवतीच्या काळ्या प्लॅस्टिकवर पांढरे डाग पडतात आणि ते जात नाहीत.